एकच वन्स मोअर

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर चार ओळी लिहून पाठवा, असं स्मरणिका समितीचं पत्र आलं. शाळेनं मला एक काम दिलं होतं आणि त्याची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात नाही. आठवीत असताना मी एका मुलाच्या गळ्याची राखण करत होतो.

त्या मुलाचं नाव लिहीत नाही. आमच्या तुकडीतले सगळे ओळखतीलच, बाकीच्यांना ‘आमचा कृष्ण’ एवढं पुरे. 1983-84 च्या सुमाराची गोष्ट. गायनाच्या सरांनी स्नेहसंमेलनासाठी ‘सौभद्र’ बसवायला घेतलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 सालचं, मूळ पदं शंभराच्या वर. जुन्या कंपन्या रात्री नांदी करायच्या आणि भरतवाक्याला कोंबडा आरवायचा. सरांनी कात्री लावून सगळं अडीच तासांत बसवलं, तरी कृष्णाच्या वाट्याला चार-पाच पदं आलीच. गाणारा तेरा वर्षांचा. मला सूर नव्हता आणि पाठांतरही नव्हतं, पण मी वर्गात गप्प बसणाऱ्यांपैकी होतो. सरांनी मला त्याच्यामागे लावून दिलं. “हा ओरडताना दिसला की मला येऊन सांगायचं. आणि तू त्याला ओरडायला लावलंस, तर आधी तुझे कान धरीन.”

पहिला खटका उडाला तो पीटीच्या सरांशी. आमचा कृष्ण कबड्डीच्या संघात होता आणि चढाईला गेला की त्याचा ‘कबड्डी कबड्डी’ पार हेडसरांच्या ऑफिसपर्यंत ऐकू यायचा. एका श्वासात, घशातून, धुळीत. गायनाचे सर थेट मैदानावर गेले आणि म्हणाले, “संमेलन होईपर्यंत हा माझा.” पीटीचे सर भडकले. आठवडाभर दोघांचं बोलणं बंद होतं. शेवटी कृष्ण संघात राहिला, पण फक्त पकडीला; चढाई दुसऱ्यानं करायची, अशी तडजोड झाली. सकाळच्या प्रार्थनेतूनही सरांनी त्याला काढलं, तेव्हा बाकीचे शिक्षकही चकित झाले. शाळेतला सगळ्यात चांगला आवाज आणि प्रार्थना म्हणणार नाही? सर म्हणाले, “सकाळी सातला, झोपेतून उठलेल्या गळ्यानं, माइकशिवाय सगळ्या शाळेला पुरेल एवढं गायचं म्हणजे काय, ते तुम्ही एकदा करून बघा.”

तालमीत तर त्याला गळा काढायलाच बंदी. “तालमीत पद गायचं नाही, सांगायचं,” असं सर म्हणायचे. म्हणजे जागा, समेवर येणं, हातवारे, उभं राहणं सगळं बिनचूक, पण आवाज गुणगुणण्याएवढा. पूर्ण गळ्यानं आठवड्यातून एकदाच, तेही पायपेटी आणि तबला असेल तेव्हा. बाकीची पात्रं रोज घसा ताणून संवाद फेकायची आणि आमचा कृष्ण पुटपुटायचा. बघायला आलेल्या एका पालकांनी तर विचारलं, “हा मुलगा आजारी आहे का?”

गाण्याआधीची तयारी बघून आम्ही हसायचो. पाच-सात मिनिटं खर्जात हळू ‘ओम्’, मग ओठ सैल मिटून लहान पोरं करतात तशी मोटार. भुर्रर्र करत खालच्या सुरावरून वर जायचं आणि परत खाली यायचं. त्याची मोटार सुरू झाली की मेकअपच्या खोलीतले यादव आणि पांडव सगळेच भुर्रर्र करायला लागायचे. पुढे माझ्या धंद्यात मी मोठमोठ्या गवयांना आणि परदेशातून शिकून आलेल्या गायिकांना रंगमंचामागे हेच करताना पाहिलं. सरांना ते कुणी शिकवलं, कुणास ठाऊक.

पट्टीबाबत सर फार कडक होते. सुरुवातीला पदं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, बसवली होती. तार सप्तकात जाताना त्याची हनुवटी वर उचलली जाते आणि मानेच्या शिरा दिसतात, हे सरांनी पाहिलं आणि काही न बोलता पेटीवर अर्धा स्वर खाली आले. कृष्णाला वाईट वाटलं. वरच्या पट्टीत गायलं की मोठा गवई, ही समजूत तेव्हाही होती. सरांनी त्याला आरशासमोर उभं केलं आणि दोन्ही पट्ट्यांत तीच ओळ म्हणायला लावली. “बघ, मान कुठे सरळ राहते? ती तुझी पट्टी.”

आता माझं काम. प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्याला शिवणाच्या वर्गात सतरंजीवर झोपवायचं आणि दाराशी बसायचं. सकाळपासून थोडं थोडं पाणी पाजायचं, कारण ऐन वेळी घटाघटा पाणी पिऊन काही होत नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यांना ओलावा मिळतो तो अंगात मुरलेल्या पाण्याचा. सरांनी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. प्रयोगाच्या दोन-अडीच तास आधी मऊ भात आणि साधं वरण. संमेलनात बटाटेवड्यांचा घाणा चालू असायचा आणि त्या वासात एका मुलाला वरणभात खाऊ घालणं म्हणजे काय, ते मीच जाणे. चिवडा तर समोरही आणायचा नाही. एखादा कण अडकला की खोकला सुरू. ज्येष्ठमधाची काडी चघळायला परवानगी होती, पण तिच्यानं आवाज ‘खुलतो’ यावर सरांचा विश्वास नव्हता. “तोंड बंद राहतं, एवढाच तिचा उपयोग,” म्हणायचे.

आणि बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर पाटीवर लिहायचं. कुजबुजायलाही बंदी होती, कारण कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो असं सरांचं म्हणणं. खाकरायलाही मनाई, खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळायचा नाहीतर पाण्याचा घोट घ्यायचा. त्या पाटीवर कृष्णानं मला काय काय लिहिलं, ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. एकच सांगतो, कारण ते त्यातल्या त्यात सभ्य होतं: “गाढवा, वडे संपले का बघून ये.”

सरांची नजर किती बारीक होती, ते मला रंगीत तालमीच्या रात्री कळलं. कृष्णाचा मुकुट पुठ्ठ्याचा होता, त्याला जिलेटीनचा कागद, मणी आणि मोरपीस, आणि तो पडू नये म्हणून ड्रेसवाल्यानं हनुवटीखालून नाडी घट्ट आवळून बांधली होती. कृष्ण पहिल्या पदाला उभा राहिला आणि आवाज कोंडल्यासारखा यायला लागला. सगळे म्हणाले, सर्दी झाली. सर पायपेटीवरून उठले, रंगमंचावर चढले आणि नाडीखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना. जबडा खाली येत नव्हता, तर ‘आ’ कुठून उघडणार? नाडी सोडून मुकुट मागच्या बाजूनं केसांच्या चापांनी अडकवला. मग कमरेचा शेला. तोही पोटावर गच्च होता. शेल्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत असा नियम झाला आणि दर प्रवेशाआधी ती दोन बोटं घालून बघायचं काम माझ्याकडे आलं. तोंडाला झिंक पावडर थापताना नाकावर ओला रुमाल धरायचा, हेही माझंच. विंगेत त्याच्यासाठी एक स्टूल असायचं. दुसऱ्या कुणी त्यावर बसलं तर मी उठवायचो, मग तो साक्षात बलराम का असेना.

संमेलनातला प्रयोग इतका रंगला की आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. आपल्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला संगीत नाटकाचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ नाटक 1843 साली सांगलीतच झालं आणि बालगंधर्व 1905 साली शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. पुढच्या गणपतीत मंडळांची रांगच लागली. सरांनी एकच अट घातली: एका प्रयोगानंतर दोन दिवस गळ्याला सुट्टी. हेडसरांना शाळेचं नाव होतंय याचा आनंद होता, त्यांना ही अट फारशी पटली नव्हती. पण सरांनी नाटकाची वहीच स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

एका गावातल्या प्रयोगात जे झालं, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. रुक्मिणीची समजूत घालण्याचं पद झालं आणि मांडव उठला. वन्स मोअर! सरांनी पेटीवर सूर दिला, कृष्णानं पद पुन्हा म्हटलं, पण सरांनी आधीच शिकवून ठेवल्याप्रमाणे ताना न घेता, मध्य सप्तकातच, धृपद आणि एक कडवं. तेही लोकांनी डोक्यावर घेतलं. पुन्हा वन्स मोअर. नाणी आली, एक नोट आली. कृष्णानं सरांकडे पाहिलं. त्याला गायचं होतं! टाळ्या वाजत असताना तेरा-चौदा वर्षांचं कुठलं पोर थांबेल? सरांनी पुढच्या प्रवेशाचे सूर वाजवायला सुरुवात केली आणि विंगेतल्या रुक्मिणीच्या दासीला मान हलवून आत सोडलं. मांडवात आरडाओरडा झाला. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष मागे आले.

“मास्तर, पैसे मोजलेत आम्ही.”

“पैसे नाटकाचे घेतलेत,” सर म्हणाले. “पोराच्या गळ्याचे नाहीत.”

अध्यक्षांनी जाताना जेवणाचं पुन्हा विचारलं नाही. आम्ही रात्री एसटी स्टँडवर केळी खाल्ली. परतताना सर गाडीत जुन्या कंपन्यांच्या गोष्टी सांगत होते. बालगंधर्वांना किती वन्स मोअर मिळायचे आणि ते कसे हसतमुखानं द्यायचे, हे आम्ही घरोघरी ऐकलेलं. “ते मोठे होते, जाणते होते, गळ्याला आयुष्यभराची तालीम होती,” सर म्हणाले, “आणि तरी त्याचं मोल द्यावं लागतंच. हा तर अजून वाढतोय.”

वाढतोय, हे सरांनी सहज म्हटलं नव्हतं. दिवाळीनंतर वर्गात हजेरी देताना कृष्णाचा ‘उपस्थित’ मधेच दोन तुकड्यांत यायला लागला आणि आम्ही बाकांवर हसून लोळलो. सरांनी त्याच दिवशी तालीम थांबवली. मुलगा वयात येताना स्वरयंत्र मोठं होतं, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे होत असताना जुनी पट्टी रेटायची म्हणजे गळ्यावर अत्याचार, असं त्यांनी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं. समोर स्पर्धा होती. वडील म्हणाले, “एवढी एक होऊ द्या.” सरांनी थोर गवई सवाई गंधर्वांचं उदाहरण दिलं. लहानपणचा गोड आवाज वयात येताना गेला, राठ झाला, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे कष्ट करकरून त्यांनी त्या आवाजाला वळण लावलं. तेवढं तप करायला सगळेच सवाई गंधर्व नसतात, असं सर म्हणाले.

कृष्ण बदलला. सातवीतली एक मुलगी उभी केली. ‘मुलगी कृष्ण?’ अशी कुजबुज झाली, तेव्हा सरांनी विचारलं, “बालगंधर्वांनी भामिनी आणि सिंधू केल्या, ते कोण होते, बाई?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आमच्या जुन्या कृष्णाला तबल्यावर बसवलं. तो त्या दिवसांत माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हता, पाटीवरही नाही. गाणं मात्र सरांनी पूर्ण बंद केलं नाही. खालच्या पट्टीत, मधल्या पाच-सहा सुरांत, रोज थोडं, आवाज चिरकला की तिथेच थांबायचं. दोन-एक वर्षांनी गळा बसला तो काळी एकला. तो पुढे बँकेत लागला, गवई झाला नाही. एकादशीला गावच्या देवळात अभंग म्हणतो आणि साठीकडे झुकला तरी आवाज स्वच्छ आहे.

मी ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात पडलो. पुण्यात गाण्याचे कार्यक्रम, बालगायकांच्या स्पर्धा, लग्नातले संगीत, सगळं करतो. समोरच्या स्पीकरचा आवाज श्रोत्यांसाठी असतो; गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यायला त्याच्या पायाशी मॉनिटर लागतो. तो नीट नसला की माणूस नकळत ओरडतो, आणि लहान मूल तर हमखास. पण पैसे वाचवायचे तर आयोजक पहिला मॉनिटरच कमी करतात. नऊ-दहा वर्षांची पोरं रात्री अकराला रंगमंचावर येतात, संध्याकाळी पाचपासून मेकअपमध्ये बसलेली. ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीतला. आता संगणकावर तो दोन सूर खाली घ्यायला मिनिट लागत नाही. मी आईबापांना विचारतो, खाली घेऊ का? बहुतेक जण नको म्हणतात, परीक्षक गुण कापतील म्हणून. मी परीक्षकांनाही विचारलंय. कुणी कापत नाही.

पोराला मी विचारतो, “तुझा आवाज तुला ऐकू येतोय ना?” सगळी पोरं हो म्हणतात. मी त्यांच्या मानेकडे बघतो.

समितीच्या पत्रात शेवटी लिहिलंय की, सुवर्णमहोत्सवात सध्याच्या विद्यार्थ्यांचं ‘सौभद्र’ सलग तीन रात्री ठेवण्याचा विचार आहे. ध्वनीचं सगळं सामान, मॉनिटरसकट, मी घेऊन येतो, भाडं नको. पण तीन रात्री सलग नकोत. मधे दोन-दोन दिवस सोडा, नाहीतर कृष्ण आणि सुभद्रा दोन-दोन तयार करा. पट्टी पोरांच्या मानेकडे बघून ठरवा. मुकुटाला नाडी लावू नका. वन्स मोअर एकच, आणि तसं आधीच फलकावर लिहा. आणि पाहुण्यांचे सत्कार, भाषणं, देणगीदारांची यादी, जे काही असेल ते सगळं नाटक संपल्यावर.