म्हशीच्या हौदाजवळ

फुलपाखरं बघायला फुलांजवळ जावं, हे ठीकच आहे. पण पावसाळा सरत आला की मी आपला म्हशीच्या हौदाकडे वळतो. फुलावर पाखरू टेकतं न टेकतं तोच उडतं. हौदाकडेच्या राडीत मात्र सोंड खुपसून असं बसतं, की गुडघे टेकून जवळ सरकलं तरी हलत नाही.

मेख एकच. बसलेली बरीचशी पंख मिटून असतात आणि चित्रांत थाट असतो उघड्या पंखांचा. त्यामुळे पंखाची खालची बाजू पाठ करावी लागते. पांढऱ्यावर ठळक काळ्या शिरा असल्या की पायोनिअर. याच्या अळ्या वाघाटीवर वाढतात, आषाढीच्या द्वादशीला जिची भाजी करतात त्याच वाघाटीवर. काळ्यावर पिवळट ठिपके आणि शेपटी नाही, तर लिंबाळी. हिची कोवळी अळी मोसंबीच्या पानावर पक्ष्यानं शिटल्यासारखी दिसते. जालन्याकडचे बागायतदार तिला माझ्यापेक्षा चांगले ओळखतात. खरा घाम काढतात त्या पिवळ्याधमक ग्रास यलो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाशी दोन बारीक ठिपके असले तर कॉमन, तीन असले तर थ्री-स्पॉट. ते मोजेपर्यंत नाकाला चिखल लागतो.

येडशीच्या रामलिंगाला ओढ्याकाठी असाच बसलो होतो, तर एक गुराखी मामा थांबले.

"काय बघायलाव सर? तहान लागली त्यायला, पानी प्यायलेत."

पाणी पितात खरं, पण पिता पिताच मागून थेंब थेंब सोडूनही देतात. पोटात राखायचे असतात ते क्षार, त्यातही सोडिअम. पाल्यात आणि फुलांतल्या मधात ते नावापुरतं असतं. म्हणून जनावरं मुतलेली जागा, शेण, घामेजलेला सदरा यांच्यावर सगळा जीव. या चिखलपानाला जमतात ते बहुतेक नर. मिळालेलं मीठ मीलनाच्या वेळी मादीला आहेर म्हणून जातं आणि तिच्याकडून अंड्यांत उतरतं. मादी तोवर अंडी घालायला वाघाटी, तरवड हुडकत हिंडत असते.

मामांना एवढं सांगितलं तर म्हणाले, "मंग म्हशीवानीच की. म्या बी गोठ्यात मिठाची वीट टांगलीय."

मला गंमत वाटते ती वेगळीच. हेच सोडिअम शेतात साचलं की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते आणि शेतकरी कपाळाला हात लावतो.

बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) नावाचं फुलपाखरू मात्र या गर्दीत क्वचितच दिसतं. त्याला हवी असतात खुळखुळ्यासारख्या झाडांतली कडू द्रव्यं. सुकलेली पानं पायांनी खरवडून तो ती चोखतो, मादीला भुलवायचा गंध त्यातूनच तयार करतो. त्याला गाठायचं तर हौद सोडून बांधावर जावं लागतं.