नगरपरिषदेचं भांडार आणि आपला पावसाळा

कोकणात नगरपरिषदेच्या स्टोअरकडे कुणी फारसं बघत नाही, पण मला वाटतं अर्ध शहर तिथूनच चालतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, तुरटी, फॉगिंगचं औषध, दिवाबत्तीचे बल्ब, झाडू, गमबूट, सगळं तिथेच येतं.

खरेदीचे नियम बरे आहेत, मोठी असेल तर ई-निविदा, शिवाय २०१६ पासून सरकारी खरेदीचं जेम हे ऑनलाइन पोर्टलही आहे. खरी गोची पुढे होते, माल आल्यावर. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण आपल्याकडची दमट हवा लागली की ते उडत जातं आणि गोणी तशीच पांढरी दिसते, म्हणजे मे महिन्यात भरलेली गोणी ऑगस्टमध्ये वापरताना आपण नुसता चुना टाकतोय का हे तपासल्याशिवाय कळतच नाही! चिपळूणला जुलै २०२१ चा पूर आला तसा पूर आला की पहिली गरज याच पावडरीची लागते. त्यामुळे एकदम वर्षाचा साठा करण्यापेक्षा थोडं थोडं मागवावं, आधी आलेलं आधी वापरावं, गोणी फळीवर ठेवाव्यात, जमिनीवर नको.

आणि ते भंगार... जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नाव असतं म्हणून गंजलेली कपाटं, पंप वर्षानुवर्षं पडून, कारण निर्लेखनाचा (वस्तू निकामी ठरवून वहीतून काढण्याचा) प्रस्ताव, मग मंजुरी, मग लिलाव, एवढं करायला कुणी धजत नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात त्याची किंमत रोज घटते. तो पैसा आपलाच आहे ना? माहिती अधिकारात या नोंदवह्या बघता येतात, जरूर बघा.