अर्धवट सोडलेलं कुठलं?

परवा रात्री भाचीचा मेसेज आला, "मामा, काहीतरी नवीन सुचव ना वाचायला. सगळे वाचतायत असं काहीतरी, पण सगळे वाचतायत म्हणून वाईट नसलेलं." आता ही पोरगी महिन्याला सहा-सात पुस्तकं संपवते, तिला काही सुचवायचं तर जरा जपूनच, पण कुणी पुस्तक विचारलं की माझ्या अंगातच येतं. अर्ध्या तासात पाच नावं पाठवली, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी कौतुकाच्या. पाच मिनिटांत उत्तर. पहिलं वाचलंय, दुसरं वाचलंय, तिसरं टीबीआरमध्ये आहे (म्हणजे वाचायच्या यादीत, जिथे पुस्तकं जातात आणि परत येत नाहीत), चौथ्याचं सॅम्पल वाचलं पण नाही झेपलं, आणि पाचवं साठाव्या पानावर सोडून दिलं. खाली एक स्मायली, मामाला वाईट वाटू नये म्हणून.

हीच तर गोची आहे. ज्याला वाचायची सवय नाही त्याला सुचवणं तसं सोपं, खपाच्या यादीतलं वरचं कुठलंही हातात द्या, त्याला ते नवंच असतं. पण पट्टीचा वाचक असला की नवीनही आहे आणि गाजतंयही असं जे काही असतं ते तुमच्याआधी त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं, त्याने तीन रिव्ह्यू वाचलेले असतात, दोन व्हिडिओ पाहिलेले असतात आणि पुस्तक न उघडताच त्याला त्याचा कंटाळा आलेला असतो. तुम्ही नाव घ्यायचा अवकाश, "हां हां, ते ना!" की संपलं. त्या "ते ना" च्या पुढे काही बोलताच येत नाही.

तरी याद्यांची आपल्याला भारी हौस. १९३१ साली न्यूयॉर्क टाइम्सने सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली, तीसुद्धा आधी फक्त त्या एका शहरापुरती. आणि गंमत बघा, त्याच १९३१ मध्ये एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपात आले. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, नंतर ग्रंथपाल झाले, आणि त्यांनी लिहिलं काय तर प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे एकीकडे किती खपलं याचा आठवड्याचा हिशोब सुरू होतोय आणि दुसरीकडे हा गणितवाला माणूस म्हणतोय की त्या पुस्तकाचा माणूस शोधा, मग तो एकटा का असेना. (शेवटचा भाग माझा, नियमात नाही, पण अर्थ मला तसाच लागतो.) चौथा नियम आहे वाचकाचा वेळ वाचवा. तो मी आयुष्यभर सर्रास मोडत आलोय.

एका मित्राचं सांगतो. त्याला मी एक साडेपाचशे पानी कादंबरी दिली होती, तेव्हा जिकडेतिकडे तिचंच नाव होतं आणि मी तर अक्षरशः झपाटलो होतो, दोन प्रती घेतल्या, एक माझी आणि एक वाटायला. वाटायची प्रत कोरीच्या कोरी याला दिली. आठ महिन्यांनी परत आली. "कशी वाटली?" तर म्हणाला, "भन्नाट रे, शेवट तर फारच!" मी खूश. घरी येऊन चाळली तर ३७व्या पानावर खूण म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची रिकामी पट्टी, आणि शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली, नव्या पुस्तकाची कापताना चिकटून राहतात ना तशी, नखाने सोडवली तेव्हा बारीक टर्रकन आवाज आला. आठ महिने बिचाऱ्याने ते ओझं उशाशी बाळगलं असणार, मी दिसलो की दुसऱ्या विषयावर गाडी नेत असणार. त्याला मी कधी काही बोललो नाही. चूक त्याची नव्हतीच. मुळात मी त्याच्यासाठी पुस्तक निवडलंच नव्हतं, मला जे चढलं होतं ते त्यालाही चढावं एवढाच माझा आग्रह होता, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा पुस्तक सुचवताना आपण "बघ मी काय वाचतो" एवढंच सांगत असतो.

ऑनलाइन रेटिंगचे तारे बघून पुस्तक ठरवावं म्हटलं तर तेही जमत नाही, तिथे जवळजवळ सगळ्यांनाच चारच्या आसपास मिळालेले दिसतात, हाडांपर्यंत हलवून टाकणाऱ्यालाही आणि बरं होतं वालं असेल त्यालाही. मलपृष्ठावर तर विचारूच नका. त्या मजकुराला ब्लर्ब हा शब्द जिलेट बर्जेस नावाच्या विनोदी लेखकाने १९०७ मध्ये चेष्टेतच दिला, कव्हरवर तोंडाशी हात नेऊन ओरडणारी एक बाई छापली आणि तिचं आडनाव ठेवलं ब्लर्ब. तेव्हापासून ती बाई ओरडतेच आहे.

सिअ‍ॅटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचं म्हणणं मात्र मला पटतं. पुस्तकात शिरायची चार दारं असतात, गोष्ट, पात्रं, जागा आणि भाषा, आणि वाचक कुठल्या दाराने आत जातो ते ओळखून सुचवायचं. आता ते ओळखायचं कसं? आवडलेलं विचारलं तर लोक शोभेसं उत्तर देतात, हे मी बघितलंय, भारदस्त नावं बाहेर येतात. म्हणून मी हल्ली अर्धवट काय सोडलंस ते विचारतो. त्यावर माणूस खरं बोलतो, आणि तावातावाने बोलतो.

तर भाचीला फोनच लावला. म्हटलं, "ते साठाव्या पानावर का सोडलंस गं?"

"अरे मामा, त्यात सगळे सारखेच बोलतात. आजी पण थेरपिस्टसारखी बोलते. नातवाशी भांडताना म्हणते मला तुझ्या सीमांचा आदर आहे. कुठली आजी असं बोलते?"

बास. गोष्ट बरी होती, पात्रंही बरी होती, पण ही पोरगी कानाने वाचणारी. इतकी वर्षं तिला रहस्यकथा पाठवतोय मी! लगेच एक बारकं पुस्तक डोक्यात आलं, दीडशे पानांच्या आतलं, त्यात दोन म्हाताऱ्या बहिणी फक्त कपाट आवरतात आणि एकमेकींना टोमणे मारतात, पण असं बोलतात की शेजारच्या खोलीतून ऐकू येतंय असं वाटतं. नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की तुमच्यातले निम्मे "हां, ते ना!" म्हणणार. भाचीने विचारलं, नवीन आहे का? म्हटलं अकरा वर्षांपूर्वीचं आहे. "मग कुणी बोलत कसं नाही त्याच्याबद्दल?" मी म्हटलं तू बोल. दोन दिवस झाले, अजून तिचा काही मेसेज नाही. स्मायलीही नाही, त्यामुळे मी जरा आशेवर आहे.

या पर्लबाईंचा अजून एक नियम आहे तो मी देवघरात लावल्यासारखा पाळतो. कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्यायची, नाही रंगलं तर बिनधास्त सोडायचं, आणि तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं. म्हणजे शंभरी गाठली की नुसतं कव्हर बघून निकाल लावायची मुभा. मी ५६चा, माझ्या वाट्याला ४४.

हे आत्ता आठवायचं कारण आमची ताई, माझी आत्तेबहीण, जिने मला लहानपणी वाचायला लावलं. तिने गेल्या आठवड्यात सध्या सगळीकडे गाजतंय ते जाडजूड पुस्तक पाठवलंय, आत स्वतःच्या अक्षरात लिहून, "हे तुला आवडणारच." त्या "च" ने मी घाबरलोय. विमान उडतं, वादळ येतं, कुणाचातरी भूतकाळ निघतो, सगळं आहे, फक्त मला कुठलंच दार सापडत नाहीये. आज सकाळी तिचा मेसेज, "कुठवर आलास रे? तो मधला ट्विस्ट आला का?"

"भन्नाट चाललंय ताई" असं टाइप करून ठेवलंय, पाठवलेलं नाही. ४१व्या पानावर आहे. अजून तीन पानं आहेत.