अमळनेरची एमजीए आणि पाच कोरे टायर

जळगावात अजिंठा चौफुलीजवळ आमचं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे रावेर-सावद्याचे केळीचे ट्रक, एमआयडीसीतल्या डाळमिलांचे टेम्पो, कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मग घरगुती गाड्या. लोकांना वाटतं, साइज विचारायची आणि रॅकवरून टायर काढून द्यायचा. खरं तर अर्धा दिवस गिऱ्हाइकाने मागितलेलं का देत नाही, हे समजावण्यात जातो.

या मे महिन्यात अमळनेरच्या एका जिनिंगवाल्या घरातली गाडी कॅरियरवरून आली. एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, १९५८ सालची, दोन सीटची, उघड्या टपाची, तारेच्या चाकांची. सोबत सत्तरी ओलांडलेले काका आणि पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा. काकांच्या वडिलांनी ही गाडी साठच्या दशकात मुंबईहून आणली होती. इंजिन बांधून झालेलं, रंग झालेला. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जो नियम आला, त्याप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेतला नंबरही मिळालेला. या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच काढायची. डिसेंबरात इंदूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे चालवत न्यायची असा बेत होता.

टायर त्यांनीच आणले होते. ५.६०-१५ साइजचे पाच नायलॉन. क्रॉस-प्लायला, म्हणजे आतले दोरे तिरके, एकमेकांना छेदत गेलेल्या टायरला, आमच्याकडे सगळे नायलॉनच म्हणतात. नक्षी अगदी त्या काळातली, उभ्या नागमोडी रेघांची. साच्यातून निघालेले रबराचे केससुद्धा जागच्या जागी. आमच्या पोराने हात फिरवला आणि म्हणाला, “दादा, हाई टायर ते नवंकोरं शे!”

मी बॅटरी घेऊन साइडवॉल बघायला बसलो. तारखेचा आकडा तीन अंकी निघाला. २००० सालापासून हा आकडा चार अंकी असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन अंकी म्हणजे टायर गेल्या शतकातला, कमीत कमी पंचवीस वर्षं जुना. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याने ते विकले, त्याने बिलावर ‘नवीन, न वापरलेले’ असं लिहिलं होतं. शब्दाला शब्द खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला आतून-बाहेरून खात राहतात.

काकांना खात्री पटावी म्हणून टायर बाकावर आडवा ठेवून गुडघ्याने दाबला आणि नक्षीची फट उघडली. तळाशी केसाएवढ्या भेगांची जाळी होती. वरून पॉलिश मारलेलं असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. मग रबराचा कडकपणा मोजणारा हार्डनेस मीटर टेकवला. ताज्या कारच्या टायरला तो साठ-पासष्टच्या आसपास दाखवतो, याला ऐंशीच्या पुढे गेला. असा टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही आणि उन्हात तापला की त्याचा पट्टा सुटायला वेळ लागत नाही. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिसावर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तरी आपले लोक टायर घेताना दोनच गोष्टी बघतात, नक्षी किती खोल आणि काळा किती. तारीख विचारणारं गिऱ्हाईक आलं की मला त्याला चहा पाजावासा वाटतो.

हे टायर मी बसवणार नाही, असं सांगितलं. काका नाराज झाले. “भाऊ, आमच्या बाबांच्या वेळेस हीच जात होती. गाडी होती तशीच दिसली पाहिजे.” मुलाने मोबाइल काढला. “१९५/६५ आर १५ टाकून द्या, कुठेही मिळतात.”

दोघांनाही नाही म्हणावं लागलं. मुलाचं आधी. या चाकाची रिम चार इंच रुंद. १९५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला कमीत कमी साडेपाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर तो फुग्यासारखा फुगतो, बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कड, तिरका बसतो, आणि एमजीएच्या मागच्या मडगार्डात तेवढी जागाही नाही. शिवाय उंची कमी भरते, म्हणजे मीटर खरा वेग सोडून जास्त दाखवणार. दिसायला तर वाईटच. जुन्या गाडीचा चेहरा टायरच्या उंच भिंतीवर आणि अरुंद पायावर असतो. मडगार्डच्या कमानीत ठेंगणं रुंद चाक आलं की सगळा डौल गेला, मग रंगावर कितीही पैसे घाला.

या गाडीचं रेडियलमधलं खरं माप १६५ आर १५. रेडियल म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेला टायर. पुढे तिरकी रेघ नाही, भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के हे सांगणारा ६५-७० असा आकडा नाही. जुन्या रेडियलवर तो छापत नसत. आकडा नसेल तर भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी-ब्याऐंशी टक्के समजायची. म्हणजे भिंत साधारण १३५ मिलिमीटर आणि टायरची एकूण उंची जवळपास मूळ नायलॉनइतकीच. चार इंची रिमवर तो व्यवस्थित बसतो. दुरून बघितला तर नायलॉन की रेडियल हे जाणकारालाही वाकून बघावं लागेल.

काकांना वाटत होतं, रेडियल म्हणजे आजकालचं फॅड. त्यांना सांगितलं की मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ पासून ते विकायला लागले. पिरेलीचा चिंतुरातो हा रेडियलही पन्नासच्या दशकातला. म्हणजे ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा रेडियल बाजारात येऊन नऊ वर्षं झाली होती. त्या वेळी एखाद्या मालकाने तो बसवला असता तर कुणी नावं ठेवली नसती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “दाखवा कोणता ते.”

दाखवायला दुकानात काय असणार? जून २०२० पासून आयात टायर परवान्याच्या यादीत गेले, आणि आयएसआयचा शिक्का त्याआधीपासूनच सक्तीचा आहे. देशी कारखाने टिकावेत हे मला मान्य आहे, माझं दुकान त्यांच्याच मालावर चालतं. पण जुन्या धाटणीचा जो टायर इथे कुठल्याच रॅकवर नाही, त्याला आणि ट्रकभर स्वस्त मालाला एकच दार ठेवलं, की मग लोक पंचवीस वर्षांपूर्वीचे ‘नवीन’ टायर विकत घेतात. नियम करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटललाही रेडियलमध्ये हेच माप लागतं. मुंबईच्या एका बीटलवाल्याच्या ओळखीने एका आयातदाराचा पत्ता लागला. त्याच्याकडे दोन पर्याय होते. मिशेलिनचा एक्सझेडएक्स चांगला, पण ती नक्षी सत्तरच्या दशकातली, या गाडीला उशिराची. दुसरा व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक. नक्षी जुनी, रबर आजचं, ८६ एच, म्हणजे एका टायरवर ५३० किलो आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंत. गाडी सगळी मिळून नऊशे किलोच्या घरात, आणि नवी असताना ताशी १६० च्या आसपास पळायची. भरपूर झालं. व्रेडेस्टाइन २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीची आहे, तरी हा टायर मागवायला एवढी खटपट. पैसे पाठवण्याआधी पाचही टायरच्या तारखेचे फोटो मागवून घेतले.

बसवायचा दिवस मात्र माझा होता. नट सोडवायची एअर गन बाजूला ठेवायला लावली. या चाकाला मध्ये एकच मोठा दोन पंखांचा नट असतो, तो तांब्याच्या हातोड्याने ठोकून सोडवतात. डाव्या अंगाला सरळ आटे, उजव्या अंगाला उलटे, चाक फिरताना नट आपोआप आवळत राहावा म्हणून. पंखावर बाण कोरलेला असतो, तो न बघता ठोकणारा आटेच फोडतो.

तारेच्या चाकाला ट्यूब लागतेच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. रिमच्या आत स्पोकची टोकं उघडी असतात. प्रत्येक टोकावर बोट फिरवून जे टोचलं ते कानसलं, मग पॉलिश पेपर, मग नवी रिम टेप. टायरच्या आत कंपनीचं कागदी लेबल चिकटवलेलं असतं, ते कुणी काढत नाही. ट्यूब महिनोन्महिने त्याच्या कडेवर घासते, आणि मग पंक्चरवाल्याला खिळा सापडत नाही. लेबल काढलं, डिंक पुसला, शंखजिऱ्याची पूड आतून सगळीकडे लावली. ट्यूब रेडियलचीच घेतली, नायलॉनची नाही; रेडियलची भिंत जास्त लवते, ते साध्या ट्यूबला सोसत नाही.

बॅलन्सिंगला आमच्या मशीनचा कोन, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात घालायचा शंकू, चालेना. या चाकाला बोल्टची भोकं नाहीत, मध्ये दातेरी नळी आहे, आणि चाक खरं बसतं ते तिच्या दोन टोकांच्या उतारांवर. नुसत्या भोकात कोन घालून फिरवलं तर मशीन खोटे आकडे देतं. एमआयडीसीतल्या लेथवाल्या चाचांकडून त्या दोन उतारांना बसतील असे तुकडे आधीच करून घेतले होते. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नव्हती. असे हात आता कमी उरलेत, आणि त्यांच्याकडे शिकायला कुणी थांबत नाही. पहिलं चाक न थरथरता फिरलं तेव्हा शेजारचा चहावालाही बघायला आला.

हवा पुढे २४, मागे २६ पौंड. रेडियल जमिनीपाशी थोडा बसकाच दिसतो. हवा कमी आहे समजून पंपावर चाळीस मारून घेऊ नका, हे मुलाकडून दोनदा वदवून घेतलं.

पाळधीपर्यंत काकांनी स्वतः चालवली, मी शेजारी. जागेवर वळवताना स्टीअरिंग जड, पण महामार्गावर सरळ रेषेत. पूर्वी रस्त्याच्या चरीबरोबर गाडी ओढ घ्यायची, ती अजिबात घेतली नाही. काका खूश होते.

परत आल्यावर पाचवं चाक समोर आलं. डिकीतल्या स्टेपनीवर त्यांच्या वडिलांनी चढवलेला शेवटचा नायलॉन होता, अजून तसाच. तो काढायला काकांनी साफ नकार दिला. मी सांगून बघितलं. बिजासन घाटात पंक्चर झालं आणि घाईत हा चढवला, तर एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल, एका बाजूला नायलॉन. वळणावर आणि ब्रेकला दोन्ही वेगळे वागणार. वर तो इतका जुना. काका म्हणाले, “चढवणार नाही. पण राहू दे.”

शेवटी त्यांच्यासमोरच त्या स्टेपनीच्या व्हॉल्व्हची पिन काढून खिशात ठेवली, म्हणजे त्यात हवा टिकणार नाही. पाचवा रेडियल नुसताच, रिमशिवाय, गाडीसोबत दिला. वाटेत काही झालं तर ट्यूब कुठलाही पंक्चरवाला जोडेल. एक ट्यूब जादा आणि पॅचचा डबाही दिला. तरी जीवाला चैन नाही. पिन पाच-दहा रुपयांत कुठेही मिळते, आणि रात्री घाटात अडकलेला माणूस मिळेल ते चाक चढवतो. काकांचा हट्ट मला कळतो. त्या टायरला हात लावताना मलाही जड गेलं असतं. पण पाचवा रेडियल रिमवर न चढवता गाडी जाऊ दिली हे बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

यावर एकच उपाय दिसतो, सहावं चाक. वडिलांचा टायर घरी, आणि डिकीत रेडियलची स्टेपनी. एमजीएच्या नंतर आलेल्या एमजीबीचं तारेचं चाक चालत नाही, ते चौदा इंची. पंधरा इंची, चार इंच रुंद, एमजीएच्या हबचे दाते जुळणारं हवं. स्पोक तुटके असले तरी चालतील, ते मी बसवून घेईन. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना विचारून ठेवलं आहे, चाचांनाही. कुणाच्या गोदामात पडून असेल तर दिवाळीच्या आत कळवा. त्यानंतर काका कुणाचं ऐकायला थांबणार नाहीत.