फीडवर आलेलं ऊन

गडचिरोलीतल्या एका बँकशाखेची लिंक रोज दुपारी बाराच्या आसपास आठ-दहा मिनिटं जात होती. मार्चचा दुसरा आठवडा. कंट्रोल रूमने तक्रारीच्या तिकिटावर कारण टाकून दिलं होतं, ‘शाखेची वीज’. मॅनेजरसाहेबांना वरून विचारणा झाली होती, आणि पेन्शनसाठी आलेल्या म्हाताऱ्या अंगठा लावून ताटकळत बसत होत्या.

व्हीसॅटचा, म्हणजे गच्चीवरच्या लहान डिशने उपग्रहाशी जोडलेल्या लिंकचा, बिघाड म्हटला की आम्ही आधी कनेक्टर उघडतो. पाणी शिरलंय का, उंदरांनी केबल कुरतडलीय का. इथे सगळं कोरडं, यूपीएस ठणठणीत, सकाळभर सिग्नल उत्तम. मग मी साहेबांना गच्चीवर बोलावलं. बाराच्या सुमाराला डिशवरून परतणारं ऊन सरकत सरकत नेमकं फीडच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल टिपणाऱ्या भागाच्या, तोंडावर आलं आणि खाली मॉडेमचा रिसीव्हचा दिवा गेला. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आला होता. त्याचा रेडिओ गोंगाट एवढा, की विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाचा क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. वर्षातून दोनदा काही दिवस हे होतंच. तारखा, मिनिटं, सगळं आधी काढता येतं. तरी शाखांना कळवत नाहीत, याचा मला संताप येतो.

इतक्या उंचीवरच्या या कक्षेतून जगभर संदेश पोचवायची कल्पना आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडली. तेव्हा ते ब्रिटिश विमानदलात रडारवर होते; विज्ञानकथाकार म्हणून गाजले ते नंतर. अवकाशात तीन स्थानकं पुरेत, हा त्यांचा हिशेब. पण त्यांच्या स्थानकांवर माणसं होती, रॉकेटने जाऊन-येऊन यंत्रं सांभाळणारी. १९६४ साली सिनकॉम-३ हा उपग्रह तिथे पोचला तो माणसाविना, आणि टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्याने पॅसिफिकपलीकडे नेली. भाकीत खरं ठरलं, असं सगळे म्हणतात. मला त्यातली माणसं दिसतात. ती खाली राहिली, पाना आणि होकायंत्र घेऊन गच्चीवर. पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, जरा चुकलं तर दुसऱ्याच्या चॅनेलवर गोंगाट होतो. फोनवर आकडे ऐकत फीड केसभर फिरवून ते जुळवणं हे हाताचं काम आहे, आणि ते मला येतं.

साहेबांनी तिकिटावरचं कारण बदलून मागितलंय. पुढच्या खेपेच्या, सप्टेंबरअखेरच्या, वेळा मी त्यांना काढून दिल्यात; तेवढी मिनिटं कुणाचा अंगठा घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. आसपासच्या शाखांना हे कोण सांगणार, ते अजून ठरलेलं नाही.