साठी-पंचाहत्तरीनंतरचा प्रवास: नागपूरकरांसाठी पैशांचा हिशेब

एसटीपासून सुरुवात करा, खरी बचत तिथेच आहे. वय 65 पूर्ण झालं की अर्धं तिकीट, 75 पूर्ण झाल्यावर प्रवास फुकट. बायकांना 75 पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वयात अर्धं तिकीट. सवलत फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. गणेशपेठहून छिंदवाड्याला निघालात, तर सावनेरच्या पुढे हद्द संपते आणि तिथून पूर्ण भाडं लागतं. शहर बसला ही सवलत धरू नका.

फुकट असलं तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. तपासनीस चढला की तेच दाखवायचं. ओळखपत्रावर पूर्ण जन्मतारीख हवी. जुन्या आधारवर कधी नुसतं जन्मवर्ष असतं आणि वाद तिथूनच पेटतो.

रेल्वेची भाड्यातली सूट मार्च 2020 पासून बंदच आहे. ती मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातच नमस्कार करा. खालचा बर्थ मात्र मिळू शकतो: पुरुष 60, बायका 45 वर्षांपुढे. एका तिकिटावर दोघांहून जास्त नावं नकोत, आणि सोबत तरुण नातू घातलात तर हा कोटा हुकतो. त्याचं तिकीट वेगळं काढा.

मुंबईला जाताना दुरांतोचं भाडं बर्थ भरतील तसं चढतं. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसचं ठरलेलं असतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट असेल तर आरक्षण उघडतं त्याच दिवशी सकाळी तिकीट काढायला बसा.