तातीच्या तारा आणि काळी चार

आमच्या परभणीत बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचे संगीत मैफलीत ऐकण्याची सोय नाही. जे ऐकायचे ते ध्वनिमुद्रणांवरच. चेलो या गजाने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्यासाठी त्याने लिहिलेल्या सहा एकल सुइट, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिका, मी आधी चेलोवादक पाब्लो कासाल्स यांच्या 1936 ते 1939 दरम्यानच्या मुद्रणांतून ऐकल्या आणि बऱ्याच काळाने आनर बिल्स्मा यांचे, बाखच्या काळच्या जुन्या घडणीच्या चेलोवरचे 1979 चे मुद्रण ऐकले.

कानाला आधी जाणवते ती उतरलेली पट्टी. आज सेकंदाला 440 कंपनांना लावला जाणारा स्वर जुन्या वाद्यांवर बहुधा 415 ला लावतात, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी सहाच्या जागी काळी चार. अर्थात हा आकडाही आजच्या सोयीचा आहे, कारण बाखच्या काळात पट्टी गावागणिक बदलत असे.

त्याहून मोठा फरक तारेचा. सारंगीच्या मुख्य तारांप्रमाणे या चेलोच्या ताराही तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्याच्या असतात. गज टेकताच बारीकशी खरखर होते, मग स्वर उघडतो. जुन्या घडणीचा गज टोकाकडे हलका असल्याने स्वर फुलून लगेच ओसरतो. त्यामुळे कासाल्स यांच्याकडे जी ओळ एका दमात पसरते, ती बिल्स्मा यांच्याकडे तुकड्यातुकड्यांनी, बोलल्यासारखी येते आणि या रचना मुळात नृत्यांच्या आहेत हे सांगावे लागत नाही. सहावी सुइट तर पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेली आहे; चार तारांवर ती वाजवताना हाताला सारखे वर चढावे लागते आणि ते कष्ट ऐकू येतात.

मात्र जुने वाद्य घेतले म्हणजे अस्सल बाख सापडला, हा दावा मला पटत नाही. ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्तो या बाखच्या सहा वाद्यमेळ रचना गुस्ताफ लेओनहार्ट यांनी सत्तरच्या दशकात आणि राइनहार्ट ग्योबेल यांनी ऐंशीच्या दशकात जुन्या घडणीच्या वाद्यांवरच मुद्रित केल्या. पण एकाची लय सावकाश, तर दुसऱ्याची काही ठिकाणी दम लागेल इतकी द्रुत. लय वाद्य ठरवत नाही, वादक ठरवतो.

मुद्रणाची स्वतःची लबाडीही असते. हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यात तार छेडली जाते, त्यामुळे बोटाखालची पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज फारसा वाढत नाही. सभागृहात ते व्हायोलिनांखाली सहज दबते, पण मायक्रोफोन जवळ ठेवला की सर्वांच्या पुढे येऊन बसते. दुसऱ्या ब्रँडेनबुर्गमधील तुतारीला मुळात झडपा नव्हत्या, सगळे काम ओठांचे. आज बरेच वादक सूर नेमका लागावा म्हणून तिच्या नळीला छिद्रे ठेवतात, आणि त्या काळच्या वाद्यांवर वादन असे मुद्रणावर तरीही छापले जाते. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या चित्रीकरणात छिद्रे नसलेल्या तुतारीचा एखादा सूर फुटला, तरी मला तेच वादन अधिक आवडते.